आठव्या चालीचे पोस्टकार्ड

१

जानेवारीतला उजेड सिल्वासात एकदम येत नाही. आधी दमणगंगेवरचे धुके थोडे पातळ होते, मग पलीकडच्या काठावरचे ताड एकेक करून दिसू लागतात, आणि त्यानंतर बराच वेळ काहीच घडत नाही. वाचनालयाच्या मागच्या खोलीला पूर्वेकडे सिमेंटची जाळी आहे. साडेसातच्या सुमारास तिच्या वरच्या ओळीतून पिवळट उजेडाचे सहा तुकडे समोरच्या भिंतीवर, नकाशाच्या किंचित वर उमटतात. ते इतके सावकाश खाली उतरतात की पाहत राहिले तर हलत नाहीत, आणि नजर काढून पुन्हा पाहिले तर नकाशावरचा एखादा जिल्हा ओलांडलेला असतो. पावणेआठला ते कपाटाच्या काचेवर येतात. तिथे धूळ आहे, म्हणून तिथे त्यांचा रंग दुधाळ होतो. आठला रात्रपाळीची बस चौकात थांबते, तिच्या काचेची एक तिरीप छतावरून पळून जाते, आणि उजेड पुन्हा आपल्या संथपणाकडे परततो. सव्वाआठला तो टेबलावर पोचतो. टेबलावर मी बुद्धिबळाचे चार पट मांडून ठेवलेले असतात. राजांच्या सावल्या शेजारच्या पटापर्यंत जातात आणि मग हळूहळू आपापल्या घरी येतात.

मी या वाचनालयात मदतनीस आहे. लोकांशी बोलणे मला जमत नाही. बोलायचे ठरवतो तेव्हा त्यांचे बोलणे संपून ते निघालेले असतात. म्हणून रविवारचा तो पाऊण तास मला प्रिय होता. त्या वेळात कोणी काही विचारत नसे, आणि त्यानंतर जे पहिले येत ते आंबेरकर सर असत. त्यांच्यासमोर मला बोलावे लागत नसे. पट असे.

२४ जानेवारी १९८८ च्या रविवारी सर आले, तेव्हा शनिवारच्या टपालातले पोस्टकार्ड मी त्यांच्या जागेवर ठेवलेले होते. टपाली डावातल्या कटकच्या प्रतिस्पर्ध्याचे कार्ड. सरांनी चष्मा कपाळावर चढवला, कार्ड डोळ्यांजवळ नेले आणि वाचले, "सदतीस, पस्तीस."

मग त्यांनी कार्ड टेबलावर ठेवले.

"ओंकार, यांनी माझी आठवी चाल कोणती लिहिली आहे, बघ."

टपाली बुद्धिबळात पटाच्या घरांना आकडे असतात, कोणत्या घरातून कोणत्या घरात एवढेच लिहायचे; आणि प्रत्येक कार्डावर आधी समोरच्याची चाल पुन्हा लिहायची आणि मग आपली, असा दंडक आहे. मी पाहिले. "एक्केचाळीस, चव्वेचाळीस," मी म्हणालो.

सरांचा हात कार्डावरून घसरला. त्यांच्या चेहऱ्यावर राग आधी आला नाही. आधी भीती आली.

"ही चाल मी पाठवलीच नाही," ते म्हणाले. "कुणीतरी माझं कार्ड बदललंय."

२

रघुनाथ आंबेरकर रत्नागिरीकडून शिक्षक म्हणून इथे आले त्याला वीस वर्षे झाली होती. त्यांपैकी अठरा वर्षे त्यांनी डावाच्या एकाच सुरुवातीला दिली. ती सुरुवात म्हणजे स्पॅनिश.

ती चारशे वर्षांहून जुनी आहे. सोळाव्या शतकात स्पेनमधल्या एका धर्मगुरूने तिची चिकित्सा लिहून ठेवली. दोन्ही राजांपुढची प्यादी समोरासमोर येतात, पांढऱ्याचा घोडा काळ्या प्याद्यावर जातो, काळ्याचा घोडा त्याची राखण करतो, आणि तिसऱ्या चालीला पांढऱ्याचा उंट त्या राखणदार घोड्यासमोर जाऊन उभा राहतो. नवशिक्याला वाटते, घोडा मारावा आणि प्यादे घ्यावे. तसे केले तर काळ्याचा वजीर मध्यभागी येऊन ते प्यादे परत मिळवतो. "उंट तिथे मारायला जात नाही," सर सांगत. "तो घोड्याची झोप घालवायला जातो. ही सुरुवात म्हणजे शेजाऱ्याच्या ओट्यावर नुसतं जाऊन बसणं." एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर काळ्याने कडेचे प्यादे पुढे सरकवून त्या उंटाला 'थांबतोस की जातोस' असे विचारण्याची रीत पडली, आणि तेव्हापासून पांढऱ्याचे अर्धे शहाणपण हा उंट जिवंत ठेवण्यात खर्च होते.

त्याला कोंडणारा एक जुना सापळा आहे. इंग्रजीत त्याला नोहाच्या तारवाचे नाव आहे. कोणी म्हणते तो तितका जुना आहे म्हणून, कोणी म्हणते काळी प्यादी तारवासारखी दिसतात म्हणून. सातव्या चालीपर्यंत एकेक घोडा कापला जातो आणि पटाच्या मध्यावर काळ्याचे एक प्यादे बेवारस उरते. पांढऱ्या वजिराने ते मारले की संपले. काळ्याचे उंटापुढचे प्यादे पहिल्याच चालीत दोन घरे पुढे येऊन वजिरावर चाल करते. वजीर पळतो, त्याच्यावर उंट येतो, वजीर शह देतो, उंट आडवा पडतो, वजीर परततो. आणि तेच प्यादे आणखी एक घर सरकून पांढऱ्या उंटाच्या सगळ्या वाटा बंद करते. उंट गेला की डाव गेला.

एक्केचाळीस-चव्वेचाळीस म्हणजे वजिराने ते प्यादे मारणे. सदतीस-पस्तीस म्हणजे प्याद्याची ती दोन घरांची झेप.

हा सापळा सरांनी माझ्यासह निदान पन्नास जणांना शिकवला होता. त्यांचा सगळा अभ्यास आठव्या चालीला वजीर न हलवता साधे प्यादे एक घर पुढे करून ते बळी देण्यावर होता. त्यासाठीच त्यांनी टपाली स्पर्धेच्या अंतिम फेरीत ही वाट धरली होती. सात तारखेच्या गुरुवारी त्यांच्या घरी त्यांनी मला सांगितले, 'बत्तीस-तेहेतीस लिही,' आणि प्याद्याची ती एका घराची चाल मी नोंदवहीत लिहिली. कार्डावरची चाल मात्र ते नेहमी स्वतःच लिहीत.

वहीत एक चाल होती आणि कटकला दुसरी पोचली होती. मधल्या वाटेवर तीन माणसे होती.

आणि बारा दिवसांनी, पाच फेब्रुवारीला, पणजीच्या स्पर्धेसाठी आमच्या बुद्धिबळ मंडळाच्या संघाची यादी जायची होती.

३

मधल्या तिघांतल्या पहिल्या मृणालताई. त्या प्रशासनाच्या कचेरीत होत्या, दोन वर्षांपूर्वी मुंबईहून आलेल्या. सरांना मोतीबिंदू असल्याने कार्डावरचा पत्ता त्या लिहीत.

"पत्ता मी लिहिला," त्या म्हणाल्या. "शुक्रवारी, जेवणाच्या सुट्टीत. तू चौकशी करतोयस की काय ओंकार? मान वर करून तरी कर. चपलांना काय विचारतोस?"

मी मान वर केली. "मागची बाजू पाहिली होती का?"

"दुसऱ्याचं पत्र मी वाचत नाही. अगदी चार आकड्यांचं असलं तरी." मग त्यांचा आवाज उतरला. "सरांना हरवण्यात मला काय मिळणार? इथे माझ्याशी नीट बोलणारे तेवढे एकच आहेत. म्हणजे, हल्ली थोडे विसरभोळे झालेत. परवा मला विजया म्हणाले."

"विजया म्हणजे त्यांची बहीण," मी म्हणालो. "तुम्ही तिच्यासारख्या दिसत असाल."

"ती वारलीय ना रे?"

"म्हणूनच आठवली असेल," मी म्हणालो, आणि निघालो.

दुसरा कल्पेश. त्याचे स्टेशनरीचे दुकान चौकात होते. त्याचा टेम्पो रोज वापीला जाई, म्हणून कार्डे तो तिथल्या पेटीत टाकत असे. एक दिवस वाचे.

"ओंकारभाई! या, बसा. चा मागवू? काय बोलता, माझ्यावर शक?" तो मनापासून हसला. "आपण धंदेवाला माणूस. कार्ड बदलायला टाइम कोणाला? आणि बदललंच असतं तर अशी गधेडासारखी चाल लिहिली असती? थोडी इज्जतवाली चाल लिहिली असती ना, के कोणाला खबर पण नाही पडत."

हे मला पटले. कल्पेश आमच्यात सरांनंतरचा चांगला खेळाडू. तो सापळा त्याचे आवडते हत्यार होते.

"पण एक सांगू?" तो पुढे झुकला. "ते शुक्रवारी मी सुरतला होतो. कार्ड मी वापीला नेलाच नाही. झुंबर घेऊन गेला होता. माझ्याच टेम्पोवर, सुट्टी होती त्याची."

तो खुर्चीत मागे रेलला. "ते दिवाळीच्या टुर्नामेंटमध्ये सर राजाला घोड्यासारखा कुदवून बसले, आठवतं? किती हसलो होतो आपण. सर बोलले, मस्करी केली. हा सगळा देशी रोग तो झुंबर घेऊन आला इकडे."

४

झुंबर गलोंड्याच्या एका सूत-कारखान्यात हंगामी कामगार होता, धुळ्याच्या साक्रीकडचा. तो वर्षभरापूर्वी एका रविवारी दारात येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "इथं बुद्धिबळ चालतं म्हणे. माले बी येतं." त्याला येत होते ते गावचे, देशी बुद्धिबळ. त्यात प्यादे कधीही एकच घर चालते; पहिल्या चालीलाही दोन घरे नाहीत. राजाला शह बसलेला नसेल तर एकदा घोड्याची उडी मारता येते. सरांनी त्याला नवे नियम शिकवले आणि चार महिन्यांत तो माझ्या पुढे गेला. संघाच्या यादीत पाचवे नाव त्याचे होते, आणि यादीत नाव लागले तर कारखाना त्याला खेळाडू म्हणून कायम करणार होता. हे सगळ्यांना ठाऊक होते, कारण तो ते सगळ्यांना सांगत असे.

मी त्याच्या चाळीत गेलो तेव्हा तो स्टोव्ह पेटवत होता.

"वापीले मीच नेलं कार्ड," तो म्हणाला. "खिशात होतं. पेटीत टाकलं. बस."

"वाचलंस?"

"वाचलं ना. सरांची चाल, कोण नही वाचणार?"

"कोणती होती?"

तो स्टोव्हला पंप मारत राहिला. ज्योत निळी झाली तरी मारत राहिला. मग म्हणाला, "नही सांगत."

"झुंबरभाऊ, तुमच्याच अंगावर येईल हे."

"येऊ दे." त्याने माझ्याकडे पाहिले. "तुम्ही सरांच्या शेजारी बसता ना रोज? मग माले काय विचारता?"

दार ओलांडताना मला घाम आला होता. मी स्वतःला सांगितले की तो स्टोव्हच्या धगीचा आहे.

५

सोमवारीच मी कटकच्या गृहस्थांना पत्र टाकले होते: मूळ कार्ड परत पाठवण्याची कृपा करावी. उत्तराला दोन आठवडे लागणार होते. पण माझ्याजवळ पट होता, आणि चाल होती. मी चार दिवस ती मांडून बसलो.

प्रश्न कार्ड कोणाच्या हातात होते हा नव्हता. ही चाल कोणाला *चांगली* वाटेल, हा होता. कल्पेशला सापळा पाठ होता. मृणालताईंनी मुद्दाम वाईट चाल लिहायची तर वजीर फुकट दिला असता. मुद्दाम हरवणारा माणूस इतका जुना, इतका नेमका सापळा का निवडील? ही चाल कपटाची नव्हतीच. ती प्रामाणिक होती. ज्याने लिहिली त्याला खरोखर वाटत होते की वजीर मध्यभागी सुरक्षित आहे. आणि तो कोणत्या पटावर सुरक्षित असतो? ज्या पटावर प्यादे पहिल्या चालीलाही एकच घर चालते. तिथे काळ्याचे प्यादे वजिरापर्यंत पोचतच नाही. तिथे हा सापळाच नाही. देशी पटावर चारशे वर्षांचा तो सगळा इतिहास घडतच नाही.

हे सुचले तेव्हा मला झालेला आनंद मी आता लपवत नाही. माझ्या आयुष्यात मी इतका स्वच्छ विचार कधी केला नव्हता.

त्याच आठवड्यात, विचारांना आणखी आधार मिळावा म्हणून, मी सरांच्या घरी गेलो. सर बाहेर गेले होते. त्यांच्या पत्नी सुमनकाकू पायरीवर उभ्या राहून रस्त्याकडे पाहत होत्या.

"दीड तास झाला रे. दोन गल्ल्यांपलीकडे दूध आणायला गेलेत."

"वाटेत कुणी भेटलं असेल," मी म्हणालो. "काकू, त्या गुरुवारी सरांनी कार्ड लिहिलं तेव्हा…"

"ओंकार, मला तुझ्याशी बोलायचंय. बस ना जरा. कुणाशी बोलू तेच कळत नाही. त्या दिवशी ते पटावर…"

"काकू, वाचनालय उघडायची वेळ झाली," मी म्हणालो. वाचनालय गुरुवारी बंद असते. तो गुरुवार होता, आणि हे त्यांना माहीत होते. त्या पुन्हा रस्त्याकडे पाहू लागल्या.

६

३१ तारखेच्या रविवारी सगळे जमले. सर नेहमीच्या जागी होते, शाल पांघरून. मी पटाजवळ उभा राहिलो आणि बोललो. पहिल्यांदाच मी शेवटपर्यंत बोललो. एकेक माणूस वगळत आलो आणि मग म्हणालो, "ही चाल देशी हाताची आहे. आपल्यात देशी हात एकच आहे."

मग कल्पेश म्हणाला, "झुंबर, तू? सरांच्या भल्यासाठी सुधारली काय चाल? अरे, विचारायचं तरी होतं!"

झुंबर उठला. मला वाटले तो ओरडेल. तो पटापाशी आला, वजीर प्याद्यावर ठेवला आणि काळे प्यादे दोन घरे पुढे केले. अगदी हळू.

"ओंकारभाऊ, तुम्ही हुशार. पण एक सांगा. कल्पेशशेठनी माले या सापळ्यात कितीदा धरलं?"

"चार वेळा," कल्पेश म्हणाला. "पाच."

"पाच. जन्मभर एक घर चालणारं प्यादं माझ्यासमोर दोन घरं उडालं. आज बी प्रत्येक चालीले मी पहिलं तेच बघतो, कोणतं प्यादं उडंल. नवीन शिकलेला माणूस नवी गोष्ट नही विसरत, भाऊ. त्याले तिचाच धाक राहतो."

त्याने काळे प्यादे उचलून परत जागेवर ठेवले.

"मग कोण विसरेल?" मृणालताईंनी विचारले.

झुंबरने माझ्याकडे पाहिले. फक्त माझ्याकडे. उत्तर त्याच्याजवळ होते. ते कार्ड त्याने वापीच्या रस्त्यावर वाचले होते. पण ज्या माणसाने त्याला शिकवले तो समोर शाल पांघरून बसला होता. बोलायला हवे होते ते मी.

तेवढ्यात सर म्हणाले, "झुंबर, तू माझं कार्ड का बदललंस?" त्यांचा आवाज दुखावलेल्या मुलासारखा होता. ते खोटे बोलत नव्हते.

झुंबरने खाली वाकून सरांच्या पायांना हात लावला. "चुकलं, सर," तो म्हणाला, आणि चपला घालून गेला.

कल्पेशने यादी काढली आणि पाचव्या नावावर रेघ मारली. पाच तारखेला अजून पाच दिवस होते. त्या पाच दिवसांत, बंदचा गुरुवार सोडून, मी रोज वाचनालय उघडले, वर्तमानपत्रे काठीला लावली, आणि रोज यादी तिथल्या टेबलावर पाहिली. तिच्यावरून मी धूळही झटकली.

७

कटकचे पाकीट आठ फेब्रुवारीला आले.

आत ते कार्ड होते आणि हिंदीत एक चिठ्ठी. त्या गृहस्थांनी लिहिले होते की नियमानुसार आलेली चाल मोडता येत नाही, याचे त्यांना दुःख आहे. अठरा वर्षांच्या अभ्यासाची कीर्ती त्यांनी ऐकली होती आणि असा विजय त्यांना नको होता. शेवटी एक ओळ होती: 'आपल्या 'जर'चा अर्थ मात्र मला लागला नाही.'

टपाली खेळात वेळ वाचवण्यासाठी पुढची चालही अटीवर लिहून ठेवतात. समोरच्याने अमुक केले, तर माझे तमुक. मी कार्ड उलटले.

आकडे सरांचे होते. चारच्या तोंडाशी पडणारी ती फट, सातच्या पोटातली आडवी रेघ. खाडाखोड नव्हती, दुसरी शाई नव्हती. त्यांनी आपल्या हाताने, सावकाश, काळजीपूर्वक लिहिले होते:

४१४४. जर ३७३६, तर २१३३.

म्हणजे: मी वजिराने प्यादे मारतो. काळ्याने ते उंटापुढचे प्यादे *एक घर* पुढे केले, तर मी घोडा बाहेर काढतो.

एक घर. त्यांनी त्या प्याद्याचा विचार केला होता. नीट केला होता. फक्त ते दोन घरे जाते, हे त्या गुरुवारी त्यांच्या जगात नव्हते. मला बत्तीस-तेहेतीस सांगितल्यावर तासाभरात ते वडिलांच्या ओसरीवरच्या, लहानपणी शिकलेल्या देशी पटाकडे परत गेले होते. जे शेवटी शिकले ते आधी गेले. अठरा वर्षांची स्पॅनिश वरच्या थरात होती.

मी सायकल काढून गलोंड्याला गेलो. झुंबरच्या खोलीला कुलूप होते. शेजारच्या कोंडाबाई पाण्याचा हंडा खाली ठेवून म्हणाल्या, "गेला तो. सुपरवायझरनं सांगितलं, खेळाचं काही जमलं नाही, तर मार्चपासून येऊ नको. तो म्हणे, मार्चपर्यंत कशाला थांबू? परवाच्या बसनं गेला धुळ्याकडे. तू कोण त्याचा?"

मी सायकल वळवली.

८

मंगळवारी सकाळी मी कार्ड खिशात घालून सरांकडे गेलो. ते पडवीत पट मांडून बसले होते.

"ये," ते म्हणाले, आणि माझे नाव घेण्याआधी थोडे थांबले. "ये, मुकुंदा. बस."

मुकुंद हे त्यांच्या धाकट्या भावाचे नाव. मी बसलो.

आम्ही खेळलो. त्यांनी राजापुढचे प्यादे एक घर पुढे केले. मीही एक घर केले. त्यांच्या चेहऱ्यावर इतके समाधान होते की माझा हात दोन घरांपर्यंत गेलाच नाही. नवव्या चालीला त्यांनी राजा उचलला, घोड्याच्या चालीने कोपऱ्याकडे नेऊन ठेवला आणि हसले. "एकदा मुभा असते राजाला. बाबा म्हणायचे, ही उडी जपून ठेवावी."

"स्पॅनिश मांडायची का, सर?" मी विचारले.

"काय मांडायची?"

मी पटाकडे पाहिले. पटावर त्यांचा उंट, ज्याला चारशे वर्षे कोणीतरी जिवंत ठेवत आले होते, आपल्याच दोन प्याद्यांमागे घरातल्या घरात उभा होता. तिथे त्याला कोणाचीच भीती नव्हती.

काकू चहा घेऊन आल्या. सर अंगणात गेले, तेव्हा मी कार्ड काढून काकूंच्या हातात दिले. त्यांनी ते वाचायचा प्रयत्न केला नाही.

"त्या गुरुवारी मी इथेच होते," त्या म्हणाल्या. "वजीर उचलला, पुन्हा ठेवला, पुन्हा उचलला. मग मला विचारलं, सुमन, प्यादं किती घरं चालतं गं? मला काय कळतं त्यातलं? मी म्हटलं, ओंकारला विचारा." त्यांनी कार्ड टेबलावर ठेवले. "विचारलं का त्यांनी तुला?"

"नाही," मी म्हणालो. ते खरे होते. त्या गुरुवारी विचारले नव्हते.

"तो झुंबर आला होता जायच्या आधी. पाया पडला. म्हणाला, काकू, त्यांना जपा, कुणाला सांगू नका. आणि मी नाहीच सांगितलं. पोराचं नुकसान झालं."

"काकू, त्याला पत्र लिहू. कारखान्याला लिहू. कार्ड दाखवू."

"आता लिही," त्या म्हणाल्या. मग त्यांनी अंगणात पाहिले. सर तुळशीपाशी उभे होते आणि घरात यायचा दरवाजा कोणता हे शोधत होते.

"ओंकार, तुला हे कालच कळलं का?"

"हो," मी म्हणालो.

त्यांनी पुन्हा विचारले नाही. मी उठलो, सरांना हाताला धरून आत आणले, सायकल घेतली आणि वाचनालयापर्यंत चालत आलो. झुंबरचा पत्ता कोणाजवळ नव्हता. सगळ्या वाटेवर मी तर्क पुन्हा मांडत होतो: मोतीबिंदू, थकवा, दिवाळीतली गंमत, बहिणीची आठवण, लहान मुलांना शिकवताना जपून एकेक घर चालवलेली प्यादी. प्रत्येक गोष्टीला मी कारण शोधले होते. प्रत्येक कारण पुरेसे होते.

डिसेंबरात, या कार्डाच्या महिनाभर आधी, सरांनी मला विचारले होते की प्यादे दोन घरे जाते का, आणि मी 'हो' म्हणून विषय बदलला होता. सर बुद्धिबळ विसरत चालले होते. मी झुंबरचे नाव घेतले त्या रविवारी हे मला ठाऊक होते.